पोटात गोळा येतो तेव्हा

मुलांनो, अहिल्यानगरचा भुईकोट किल्ला तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. रुंद खंदक, गोलाकार तटबंदी आणि आत लष्कराचा कारभार. चांदबिबीने मोगलांना इथेच झुंजवलं, हे इतिहासाच्या पुस्तकात असतं. पंडित नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ १९४४ साली इथल्याच कैदेत लिहिला, हेही सहलीला आलेले सर सांगतात. पण याच किल्ल्यातली एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. ती आहे एका माणसाच्या वजनाची.

८ ऑगस्ट १९४२ च्या रात्री मुंबईत 'छोडो भारत'चा ठराव मंजूर झाला. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत पोलीस दारात! गांधीजींना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवलं आणि काँग्रेसच्या कार्यकारिणीतल्या नेत्यांना खास आगगाडीने नगरला आणून किल्ल्यात बंद केलं. नेहरू, सरदार पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव आणि काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद. मौलाना तेव्हा ५३ वर्षांचे होते. अटक झाली तेव्हा त्यांचं वजन होतं १७० पौंड, म्हणजे ७७ किलो. एप्रिल १९४५ मध्ये त्यांना नगरहून बंगालमधल्या बांकुऱ्याला हलवलं तेव्हा ते भरलं १३० पौंड, म्हणजे ५९ किलो. अठरा किलो गेले! भूक अशी राहिलीच नव्हती, जेमतेम काही खाल्लं जायचं, असं त्यांनी आपल्या आठवणींत स्वतःच सांगितलं आहे.

आता तुम्ही म्हणाल, तुरुंगात खायलाच देत नसतील. तसं नव्हतं. जेवण मिळत होतं, वेळेवर मिळत होतं. मग हा घास अडत कुठे होता?

बाराच्या ठोक्याची धडधड

मौलाना किल्ल्यातून आपल्या एका मित्राला उर्दूत पत्रं लिहीत. ती पाठवायची परवानगी नव्हती, म्हणून ती लिहून तशीच ठेवायची! सुटकेनंतर १९४६ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं, 'गुबार-ए-खातिर'. या पत्रांत चहा आहे, चिमण्या आहेत, इतिहास आहे, विनोदही आहे. आणि एप्रिल १९४३ चं एक पत्र असं आहे की वाचताना आपल्याच घशात आवंढा येतो.

त्यांची पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्याला अतिशय आजारी होती. सरकारकडे काही मागणं करायचं असेल तर आम्ही ते लगेच पोचवू, असं तुरुंगाच्या अधिकाऱ्याने सुचवलं. नेहरूही त्यांच्याशी बोलले. पण मौलाना म्हणाले, सरकारकडे मला काहीही मागायचं नाही. मग उरलं ते फक्त वाट पाहणं. वर्तमानपत्र यायचं दुपारी बारा ते एकच्या दरम्यान. जेलरची कचेरी समोरच होती. तो तिथून निघाला की त्याच्या पावलांचा आवाज मौलानांच्या खोलीत ऐकू यायचा, आणि तो ऐकताच त्यांची छाती धडधडायला लागायची. आज पेपरात काय बातमी असेल? मौलाना दाराकडे पाठ करून बसलेले असत, त्यामुळे जेलरला चेहरा दिसत नसे. तो आत येईपर्यंत ते स्वतःला सावरायचे, जणू काही घडलंच नाही असा चेहरा करून पेपर घ्यायचे. जेवणाच्या वेळी सगळ्यांबरोबर टेबलापाशी जाऊन बसायचा नेमही त्यांनी मोडला नाही. भूक पार मेली होती, तरी चार घास कसेबसे घशाखाली ढकलायचे.

९ एप्रिलला झुलेखा बेगम गेल्या. मौलाना किल्ल्यातच होते. पुढे काही महिन्यांनी भोपाळला राहणाऱ्या त्यांच्या बहिणीच्या मृत्यूचीही बातमी आली.

चेहरा त्यांनी ताब्यात ठेवला. छातीची धडधड आणि पोट मात्र ताब्यात राहिलं नाही. का राहिलं नाही, ते आता पाहू. आणि ते फक्त थोरामोठ्यांच्या बाबतीत घडतं असं समजू नका. गणिताच्या पेपरच्या दिवशी सकाळी आई म्हणते, "दोन घास तरी खाऊन जा रे," आणि तुम्ही म्हणता, "नको गं, जातच नाहीये." तेही हेच!

चिडलेलं मांजर आणि थांबलेलं पोट

क्ष-किरणांचा शोध लागला १८९५ मध्ये. त्यानंतर दोनतीन वर्षांतच अमेरिकेत हार्वर्डला शिकणाऱ्या वॉल्टर कॅनन नावाच्या विद्यार्थ्याने एक गमतीदार प्रयोग मांडला. मांजराला तो बिस्मथ नावाच्या धातूचा क्षार कालवलेलं खाणं द्यायचा. बिस्मथमधून क्ष-किरण आरपार जात नाहीत, त्यामुळे पोटातलं अन्न पडद्यावर सावलीसारखं दिसायचं. मांजर निवांत असलं की जठराच्या भिंतीवर लाटा उठताना दिसायच्या. एकामागून एक, अगदी लयीत. अन्न घुसळलं जायचं ते असं. पण मांजर चिडलं किंवा घाबरलं की लाटा बंद! जठर जणू गोठून जायचं. मग मांजराला गोंजारायचं, शांत करायचं. ते शांत झालं की लाटा पुन्हा सुरू.

म्हणजे 'पोटात गोळा आला' ही नुसती बोलायची रीत नाही. भीतीने जठराचं काम खरोखरच थांबतं आणि त्यातलं अन्न तिथेच राहतं. आपली मराठी भाषा या बाबतीत मोठी हुशार आहे बरं का! 'तोंडचं पाणी पळालं' म्हणतात ना, तेही शब्दशः खरं आहे. घाबरल्यावर पातळ लाळ सुटायची कमी होते आणि तोंड कोरडं पडतं. जुन्या काळी आपल्या देशात चोर ओळखायला संशयितांना कोरडे तांदूळ चावायला देत. ज्याला ते चावून ओले करता येणार नाहीत तो चोर! कॅननने आपल्या पुस्तकात या पद्धतीचा उल्लेख केला आहे. पद्धत चतुर खरी, पण अन्यायाची. कारण निरपराध माणूसही चारचौघांसमोर उभं केल्यावर घाबरतोच की. त्याचंही तोंड कोरडंच पडणार.

मौलानांच्या पत्रांतच याचा आणखी एक दाखला सापडतो. कैद्यांसाठी चांगला स्वयंपाकी हवा म्हणून गावातून एकाला आणलं. आत आल्यावर त्याला कळलं की आता बाहेर जायचं नाही, गुपित फुटेल म्हणून! बिचाऱ्याचे होशच उडाले. स्वयंपाक राहिला बाजूला.

मुत्रपिंडाच्या डोक्यावरची टोपी

आपल्या दोन्ही मुत्रपिंडांवर टोपीसारखी बसवलेली एकेक छोटी ग्रंथी असते, अधिवृक्क ग्रंथी. वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. पण या चिमुकल्या टोपीत दोन दुकानं चालतात. आतल्या भागात अॅड्रेनलिन तयार होतं, बाहेरच्या सालीत कॉर्टिसॉल. ही दोन्ही संप्रेरकं रक्तातून अंगभर निरोप पोचवतात.

अॅड्रेनलिन म्हणजे आग लागल्यावर वाजणारी घंटा. रानात वाट चालताना पायाशी सळसळ झाली की विचार करायच्या आत तुम्ही उडी मारलेली असते. हृदय जोरात धावतं, यकृतातली साठवलेली साखर रक्तात येते, रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळतं. पोटाचं रक्त कमी होतं. साप समोर असताना दुपारची भाकरी पचवत बसायला वेळ कुणाला आहे? हे सगळं काही सेकंदांत होतं, आणि साप निघून गेला की काही मिनिटांत ओसरतं.

कॉर्टिसॉलचा रस्ता जरा लांबचा. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे. तिथून एक रसायन सुटतं, ते पिट्यूटरी ग्रंथीला जागं करतं. पिट्यूटरी रक्तातून अधिवृक्क ग्रंथीला हुकूम पाठवते, तेव्हा कुठे कॉर्टिसॉल बाहेर पडतं. तालुक्याहून जिल्ह्याला आणि जिल्ह्याहून मुंबईला फाइल जावी तसं! पण ही फाइल आपल्या सरकारी कचेरीपेक्षा पुष्कळच चपळ आहे. वीस-तीस मिनिटांत रक्तातलं कॉर्टिसॉल वर चढलेलं असतं.

आता खरी मेख इथे आहे. हायपोथॅलॅमसमधून सुटणारं ते पहिलं रसायन भूक मारतं. शेवटी येणारं कॉर्टिसॉल मात्र भूक वाढवतं! एकाच साखळीची दोन टोकं, आणि कामं उलटी. कारण कॉर्टिसॉलचा हिशेब वेगळा आहे. त्याला वाटतं, संकट आलं, धावपळ झाली, साठा खर्ची पडला, आता तो भरून काढला पाहिजे. लाखो वर्षांपूर्वीच्या माणसासाठी हा हिशेब चोख होता. तो खरोखरच धावलेला असायचा. तुम्ही बीजगणिताला घाबरून खुर्चीतच बसलेले असता. तुमचा साठा खर्च झालेलाच नसतो! कॉर्टिसॉलला हे सांगणार कोण?

म्हणून काळजीत काहींची भूक मरते आणि काहींचा हात सारखा डब्याकडे जातो. घरात दोन भावंडं असतील तर नीट पाहा. परीक्षेच्या दिवसांत एक जण पोळी निम्मी टाकून उठतो, आणि दुसरीने रात्री अकराला फराळाचा डबा रिकामा केलेला असतो. दोघांना एकच काळजी असते. बरेचदा माणूस एकच, पण पेपरच्या सकाळी त्याला घास जात नाही आणि महिनाभराच्या अभ्यासात मात्र तो खातच सुटतो.

मौलानांचं काय झालं असेल? त्यांच्या रक्तातलं कॉर्टिसॉल तेव्हा कुणी मोजलं नव्हतं, आणि तीन वर्षांच्या कैदेत वजन उतरायला इतरही कारणं असू शकतात. पण एक गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. कॉर्टिसॉल दीर्घकाळ चढं राहिलं आणि त्याच वेळी खाणं तुटलं, तर शरीर स्नायूंमधली प्रथिनं मोडून त्यांची साखर करायला लागतं. दंड-मांड्या वाळतात. घरातले म्हणतात, 'खाल्लेलं अंगी लागत नाही.' लागणार कसं? एका हाताने भरायचं आणि दुसऱ्या हाताने उपसायचं, असं आत चाललेलं असतं.

गोडच का खावंसं वाटतं?

माँट्रियलच्या हान्स सेली या शास्त्रज्ञाने १९३६ मध्ये एक छोटासा लेख लिहिला. उंदरांना गारठवा, जखम करा, दमवा किंवा विषारी औषध टोचा, कारण कुठलंही असो, आतले बदल सारखेच दिसतात, असं त्याने दाखवलं. अधिवृक्क ग्रंथी फुगलेल्या, जठरात व्रण. 'स्ट्रेस' हा शब्द शरीराच्या संदर्भात आज घरोघरी झाला त्याचं मोठं श्रेय सेलीला आहे. (आपल्याकडे 'ताण' म्हणतात. दोरीलाही ताण, माणसालाही ताण!) पुढे १९५० मध्ये अधिवृक्क ग्रंथीच्या सालीतल्या संप्रेरकांचा शोध लावणाऱ्या केंडॉल, राइखस्टाइन आणि हेंच या तिघांना नोबेल पारितोषिक मिळालं.

पण खाण्याचं कोडं पुष्कळ नंतर सुटू लागलं. अमेरिकेत एलिसा एपेल यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहा. ५९ स्त्रियांना एक दिवस अवघड कोडी, हिशेब, भाषण असली ताण देणारी कामं दिली आणि एक दिवस आरामाचा ठेवला. दोन्ही दिवशी नंतर समोर खाऊ ठेवला. ज्यांचं कॉर्टिसॉल ताणामुळे जास्त चढलं होतं, त्यांनी त्या दिवशी इतर स्त्रियांपेक्षा जास्त खाल्लं, आणि ओढा गोडाकडे. आरामाच्या दिवशी मात्र दोन्ही गट सारखेच जेवले. म्हणजे त्या मुळातच खादाड होत्या असं नव्हे.

आणि उंदीर? २००३ मध्ये मेरी डॉलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की सतत ताणाखाली असलेल्या उंदरांना साखर आणि चरबी मिळाली तर त्यांच्या मेंदूतली ती धोक्याची घंटा जरा मंदावते. म्हणजे गोड-तेलकट खाल्ल्याने खरोखरच बरं वाटतं, तो भास नसतो! पण किंमत पडते ती पोटावर. जास्तीची चरबी साठते आतड्यांभोवती, म्हणजे नेमकी पोटात. तिथल्या चरबीच्या पेशींवर कॉर्टिसॉलचा निरोप घेणाऱ्या जागा जास्त असतात. त्यातच रक्तात साखर आणि इन्शुलिन असलं, तर चरबी तिथे मुक्कामालाच येते.

म्हणून पालकांनो, एक विनंती. परीक्षेच्या काळात मुलाने रात्री चिवड्याचा डबा संपवला तर त्याला 'खादाड' म्हणू नका. भाकरी-पिठलं समोर असताना तो बिस्किटं का शोधतो, याचं उत्तर त्याच्या जिभेत थोडं आणि अधिवृक्क ग्रंथीत बरंच आहे.

या संप्रेरकाची ताकद किती, हे एका आजारातून दिसतं. हार्वी कुशिंग या मेंदूच्या शल्यविशारदाने १९३२ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. पिट्यूटरीत बारीकशी गाठ होते, कॉर्टिसॉल बेसुमार वाढतं, आणि चेहरा पौर्णिमेच्या चंद्रासारखा गोल होतो, पोट सुटतं, मानेमागे चरबी चढते. हातपाय मात्र काटकुळे! वर सांगितलेल्या दोन्ही गोष्टी, स्नायू झिजणं आणि पोट वाढणं, एकाच शरीरात शेजारी शेजारी. हा आजार फार विरळा आहे. तुमचं पोट थोडं सुटलं म्हणून लगेच घाबरू नका.

पण त्याच्याच जातीची एक गोष्ट विरळा नाही. सांगायलाच हवी. दमा, सांधेदुखी अशा आजारांत डॉक्टर कधीकधी स्टेरॉइडच्या गोळ्या देतात. त्या कॉर्टिसॉलच्याच भावंडं. भूक वाढते, चेहरा गुबगुबीत होतो. डॉक्टरांच्या नजरेखाली त्या मोलाचं काम करतात, आणि त्या मनाने एकदम बंद करायच्या नसतात. घोळ होतो तो बाजारात. 'महिन्यात वजन वाढवा', 'गाल भरून येतील' अशा जाहिरातींच्या बिननावाच्या पुड्यांत आणि गोळ्यांत चोरून स्टेरॉइड मिसळल्याचं वेळोवेळी उघडकीला आलं आहे. गाल भरतात ते मांसाने नव्हे, पाण्याने आणि चरबीने. आतून हाडं आणि स्नायू कमकुवत होत असतात. कॉलेजात जाणाऱ्या काटकुळ्या दादांनो, जिममधल्या कुणी मित्राने अशी पुडी दिली तर त्यावर काय लिहिलंय ते आधी वाचा. काहीच लिहिलेलं नसेल तर तेच उत्तर आहे.

झोपेची चोरी

कॉर्टिसॉल हे काही खलनायक नाही. रोज सकाळी तेच तुम्हांला उठवतं! पहाटेपासून ते चढू लागतं, जागं झाल्यावर अर्ध्या तासात शिखर गाठतं, मग दिवसभर उतरत उतरत मध्यरात्रीच्या सुमारास अगदी खाली येतं. समुद्राला भरती-ओहोटी तसं. हे न वाढणारं संप्रेरक असतं तर आपण अंथरुणातून उठलोच नसतो.

गडबड होते ती रात्री दोनपर्यंत दिवा जळतो तेव्हा. दहावी-बारावीच्या वर्षी हे घरोघर चालतं. अकोल्याच्या डोंगरातून, पारनेर-जामखेडच्या गावांतून शिकायला शहरात येऊन खोली घेऊन राहणाऱ्या मुलांचं तर विचारूच नका. जागरणाला चहा, चहाबरोबर फरसाण, सकाळी नाश्ता नाही, दुपारी खानावळीचं जेवण आवडलं तर. २००४ मध्ये शिकागोच्या संशोधकांनी बारा निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक २८ टक्क्यांनी वाढलं, 'पुरे झालं' सांगणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी घटलं, आणि भूक वाढली ती विशेषतः गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांची. फक्त दोन रात्रींत! तुमच्या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. 'झोपला तो संपला' असं सांगणाऱ्या काकांना हे आकडे जरूर वाचून दाखवा.

आता मुलींसाठी खास, आणि हल्ली मुलांसाठीसुद्धा. कुणीतरी लग्नात भेटतं आणि पहिलं वाक्य काय? "अगं, केवढी सुटलीस!" नाहीतर, "काय रे, घरी खायला देत नाहीत का?" ऐकणाऱ्याच्या मनात ते महिनाभर घुमत राहतं. मग सुरू होतं जेवण तोडणं. सकाळचा नाश्ता बंद, रात्री अर्धी पोळी. २०१० मध्ये अमेरिकेत जेनेट टोमियामा आणि सहकाऱ्यांनी १२१ स्त्रियांवर एक प्रयोग केला. त्यांतल्या काहींनी तीन आठवडे रोज फक्त १२०० कॅलरी खाल्ल्या. त्यांचं कॉर्टिसॉल वाढलेलं आढळलं. पाहा गंमत! वजन कमी व्हावं म्हणून उपाशी राहायचं, आणि त्यानेच ते संप्रेरक वाढायचं ज्याचा कल पोटावर चरबी ठेवण्याकडे आहे. शरीराला काय कळणार की हे उपोषण मैत्रिणीच्या लग्नातल्या ड्रेससाठी आहे? त्याला वाटतं, दुष्काळ पडला.

आणि दुष्काळ म्हटलं की आपल्या जिल्ह्याला काही नवं नाही. १९७२ साली आजी-आजोबांनी खडी फोडून सुकडी खाल्ली, ते त्यांच्याकडून ऐका. आजही पाथर्डी-जामखेडकडची कुटुंबं दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, मुलं कधी बरोबर जातात तर कधी गावी आजीजवळ राहतात. त्या मुलांचा ताण चिवड्याच्या डब्यापाशी संपत नाही, कारण डबाच नसतो. काळजी आणि पोटभर अन्न नसणं एकत्र आलं की वाढीच्या वयातलं शरीर उंचीचा आणि स्नायूंचा खर्च आधी कापतं. तेव्हा वर्गातला एखादा किडकिडीत दोस्त डबा आणत नसेल तर 'डाएटिंग करतोस का?' म्हणून त्याची थट्टा करण्याआधी जरा थांबा. आपला डबा उघडून दोघांच्या मध्ये ठेवला की पुरे, बोलायची गरज नसते.

चिमण्यांचं काय झालं?

परत एकदा किल्ल्यात डोकावू. मार्च १९४३ मध्ये, म्हणजे ती वाईट बातमी यायच्या थोडंच आधी, मौलानांनी चिमण्यांवर दोन लांबलचक पत्रं लिहिली. खोलीच्या छतात चिमण्यांनी घरटी केली होती आणि सगळीकडे काडीकचरा. आधी त्यांनी काठी घेऊन लढाई केली. चिमण्या हटेनात. शेवटी तह करायचं ठरलं! जमिनीवर दाणे टाकून ते अगदी स्तब्ध बसून राहिले. सुरुवातीला एकही चिमणी दाण्याजवळ येईना. समोर अन्न, पोटात भूक, पण भीती भुकेपेक्षा मोठी. कॅननचं मांजर आठवलं ना? मग एक धीट चिमणी आली, दोन उड्या पुढे, एक मागे. काही दिवसांत त्या इतक्या सरावल्या की अगदी जवळ येऊन बिनधास्त टिपू लागल्या. मौलानांनी त्यांना नावंही ठेवली.

दाणे तेच होते, खोली तीच होती. बदलली ती फक्त भीती.

आपल्या जेवणाच्या पाटावरही असंच काही होतं का, ते आई-बाबांनी एकदा पाहावं. दिवसभरात मुलगा हाती लागतो तो जेवताना, म्हणून चाचणीचे गुण, शेजारच्या पोराची टक्केवारी, क्लासची फी, सगळं नेमकं वरणभाताबरोबर वाढलं जातं. मग त्याचं जठर हलायचं थांबलं तर नवल काय! गुणांची चर्चा करू नका असं म्हणत नाही मी. ती जेवण झाल्यावर करा, किंवा शनिवारी संध्याकाळी फिरायला जाताना करा. चालण्याने ताण उतरायलाही मदत होते, कारण ज्या धावपळीसाठी रक्तात साखर आलेली असते ती धावपळ निदान थोडी तरी घडते. मैदानात घाम गाळून आलेल्या मुलाला भूकही सरळ लागते.

एखाद्याचं वजन दोनतीन महिन्यांत डोळ्यांत भरण्याइतकं उतरलं किंवा चढलं, जेवण लपवून टाकणं किंवा लपूनछपून खाणं सुरू झालं, झोप उडाली, रडू येऊ लागलं, तर हा 'वयाचा दोष' म्हणून सोडून देऊ नका. आधी डॉक्टरांना दाखवा, कारण थायरॉइड, जंत, मधुमेह अशीही कारणं असू शकतात. मनावरच ओझं असेल तर सरकारची 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. क्रमांक १४४१६, पैसे पडत नाहीत, मराठीतूनही बोलता येतं.

आणि पेपरच्या सकाळी? घास उतरत नसेल तर ताटभर जेवायचा हट्ट नको. जठर संपावर असताना त्यात पुरणपोळी ढकलून उपयोग नाही, मळमळेल मात्र. अर्धी वाटी मऊ खिचडी, एखादं केळं, दूध किंवा ताकातली भाकरी, जे नेहमी खाता तेच, थोडंसं, जरा लवकर उठून. नवा पदार्थ त्या दिवशी नको. बोर्डाचा पेपर अकराचा असला तर घंटा होण्याआधीची दहा मिनिटं सर्वांत वाईट असतात. तळहात ओले, तोंड कोरडं. पाण्याचे दोन घोट घ्या, हळूहळू श्वास सोडा. पहिला प्रश्न सोडवायला घेतला की अॅड्रेनलिन ओसरू लागतं. दुपारी दोनला पेपर सुटतो तेव्हा पोटातला गोळा विरघळलेला असतो, कॉर्टिसॉल मात्र रक्तात अजून घुटमळत असतं, आणि ते म्हणत असतं, 'साठा भरा!' शाळेच्या फाटकाबाहेर भेळेच्या गाडीवर नेमकी तेव्हाच झुंबड का उडते, ते आता तुम्हीच त्या भेळवाल्या काकांना समजावून सांगा.